कृष्णविवर ते कास पठार : नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शिक्षकांना, शेतकऱ्यांना, बांधकाम करणाऱ्यांना आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे, ती म्हणजे तो शोध आज कुठल्या टप्प्यावर आहे. उंदरावर गुण आलेलं औषध आणि दवाखान्यात मिळणारं औषध यांत अनेक वर्षं जातात. बातमीत नेमकं तेच गाळलेलं असतं आणि नुकसान वाचणाऱ्याचं होतं.

कृष्णविवरांबद्दल २०२५ मध्ये नवीन काय कळलं?

१४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या दोन वेधशाळांनी एक गुरुत्वीय लहर (अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणारी लहर) टिपली. तिचं नाव जीडब्ल्यू २५०११४. सूर्याच्या सुमारे ३३.६ पट आणि ३२.२ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि सुमारे ६३ पट वस्तुमानाचं एक कृष्णविवर उरलं. बाकीचं जवळजवळ तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपाने ऊर्जा होऊन निघून गेलं. २०१५ मध्ये टिपलेली पहिली लहरही साधारण अशाच जोडीची होती. पण दहा वर्षांत उपकरणं इतकी सुधारली की हा संदेश सुमारे तिप्पट स्पष्ट मिळाला.

या स्पष्टतेमुळे स्टीफन हॉकिंग यांचा १९७१ चा सिद्धान्त तपासता आला. तो सांगतो की विलीनीकरणात कृष्णविवराच्या पृष्ठभागाचं एकूण क्षेत्रफळ कधीच घटत नाही. इथे आधीचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं आणि नंतरचं सुमारे ४ लाख. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा कमी आणि नंतर महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. २०२१ मध्ये पहिल्या लहरीवरून हीच तपासणी झाली, तेव्हा खात्री ९५ टक्के होती. आता ती ९९.९९९ टक्के आहे. हा शोध पक्क्या टप्प्यावर आहे.

हे गणित नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर करता येईल का?

येईल, आणि जरूर करावं. न फिरणाऱ्या कृष्णविवराची त्रिज्या एका सूर्याच्या वस्तुमानामागे साधारण ३ किलोमीटर धरा. ३३.६ पट वस्तुमानाला त्रिज्या १००.८ किलोमीटर, ३२.२ पटीला ९६.६. गोलाच्या पृष्ठफळाचं सूत्र (४ गुणिले पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग) लावलं की सुमारे १ लाख २८ हजार आणि १ लाख १७ हजार मिळतात. बेरीज २ लाख ४५ हजार. ६३ पटीला त्रिज्या १८९ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४९ हजार येतं.

इथे हुशार मुलं अडतात, कारण हे उत्तर ४ लाखांपेक्षा बरंच मोठं आहे. कारण असं की नवं कृष्णविवर वेगाने फिरतं आणि फिरणाऱ्या कृष्णविवराचं क्षेत्रफळ तेवढ्याच वस्तुमानाच्या स्थिर कृष्णविवरापेक्षा कमी असतं. इथे ती घट सुमारे १३ टक्के धरायची, म्हणजे ३ लाख ९० हजार. वस्तुमान घटलं तरी क्षेत्रफळ वाढलं, हे मुलांनी स्वतःच्या वहीत पाहावं. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं, हे एवढ्या ठसठशीतपणे दाखवणारं दुसरं उदाहरण सहज सापडायचं नाही.

ती लहर होती, रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा हादरा नव्हता, हे कशावरून?

लायगोच्या प्रत्येक भुजेची (लेझर ज्यातून धावतो त्या नळीची) लांबी ४ किलोमीटर आहे. लहर गेल्यावर या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असतो. त्यामुळे हादऱ्याची शंका रास्तच आहे. म्हणूनच वेधशाळा दोन आहेत, सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर. लहर प्रकाशाच्या वेगाने येते, म्हणून दोन्हीकडच्या नोंदींत जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा फरक असू शकतो. एका ठिकाणचा ट्रक दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. शिवाय लहरीचा आकार आधी गणिताने काढलेल्या हजारो नमुन्यांशी जुळवून पाहतात. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर अग्रभागी होते. विलीनीकरणानंतर कृष्णविवर काही क्षण निनादतं, हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० मध्येच गणिताने दाखवलं होतं. जीडब्ल्यू २५०११४ मध्ये तो निनाद आजवरच्या कुठल्याही नोंदीपेक्षा ठळक आहे.

हिंगोलीतल्या लायगोचा यात काय उपयोग?

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. वेधशाळा जितक्या दूर-दूर, तितकी लहर आकाशात कुठून आली ते नेमकं कळतं. जागा कळली तरच दुर्बिणी तिकडे वळवता येतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात घ्यावं. या कामात भौतिकशास्त्रज्ञांइतकीच निर्वात यंत्रणा, कंपनरोधन, लेझर आणि नियंत्रण प्रणाली जाणणाऱ्यांची गरज असते.

साताऱ्यातून कृष्णविवर दिसतं का?

कृष्णविवर दिसत नाही, पण त्याचा जोडीदार तारा दिसतो. हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-१ या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे, अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षं. त्याच्याभोवती ५.६ दिवसांत फेरी मारणारा निळसर तारा साधारण ८.९ प्रतीचा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ५० मिलिमीटरची द्विनेत्री तिपाईवर बसवून किंवा छोट्या दुर्बिणीतून दिसतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास हंस जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. हंसाच्या मानेवरचा ईटा हा तारा आधी शोधा. आपला तारा त्याच्यापासून अर्ध्या अंशाच्या आत आहे. तिथे बरेच मंद तारे असल्याने नकाशा छापून जवळ ठेवा आणि तो लाल उजेडात वाचा. चंद्रप्रकाशाची रात्र टाळा. कासला रात्री प्रवेश नसतो, त्यामुळे गावाबाहेरचा कुठलाही अंधारा माळ निवडा.

साध्या तापमानाला चालणारा अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) सापडला होता, त्याचं पुढे काय झालं?

सापडला नव्हता. जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या गटाने एलके-९९ नावाच्या शिसं-तांबं-फॉस्फेटच्या पदार्थाबद्दल तसा दावा केला. काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा त्यांत होती, आणि तिथेही अतिवाहकता दिसली नाही. दाव्यातली रोधाची अचानक घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे होती. त्या भेसळीची रचना १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते. शुद्ध स्फटिक बनवल्यावर तो पदार्थ विद्युतरोधक निघाला. पदार्थविज्ञानातली बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : दुसऱ्या कोणी बनवून पाहिलं का?

साखर कारखान्याच्या बॉयलरची राख सिमेंटमध्ये खरंच चालते का? आमच्याकडे ढीग पडलेत.

चालते, पण ढिगावरून उचलून थेट मिक्सरमध्ये टाकलेली चालत नाही. सांगली-कराड पट्ट्यात हाच प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेत सिलिका भरपूर असते. सिमेंटला पाणी लागल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी ती सिलिका सावकाश संयोग पावते आणि जादा बंध तयार होतो. अडचण असते ती अर्धवट जळलेल्या काळ्या, धाग्यासारख्या कणांची. ते पाणी शोषतात. मग माल घट्ट होतो, गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद पडते. आयआयटी मद्रासमध्ये या राखेवर सविस्तर काम झालं आहे. त्यातून आलेली पद्धत सोपी आहे. राख पूर्ण वाळवा, कारण कारखान्यातून ती बहुधा ओलीच येते. ३०० मायक्रॉनच्या चाळणीने चाळा आणि वर राहिलेले धागे वेगळे काढा. खाली पडलेली राख सिमेंटइतकी बारीक दळा. मग प्रयोगशाळेत जाळून वजनातली घट तपासा. फ्लाय ॲशसाठी भारतीय मानकात ही मर्यादा ५ टक्के आहे, तीच इथेही पाळावी.

सुरुवात पेव्हर ब्लॉक किंवा कुंपणाच्या खांबांपासून करा. सिमेंटच्या वजनाच्या १० टक्के राख घ्या, सिमेंट तेवढंच कमी करा. दर मिश्रणाचे सहा क्यूब पाडा, तीन सातव्या दिवशी फोडा आणि तीन अठ्ठाविसाव्या. सातव्या दिवशी ताकद थोडी कमी दिसेल, त्याने घाबरू नका, कारण सिलिकेची क्रिया उशिरा होते. पण त्याच कारणाने पाणी मारणं आठवड्यात थांबवलं तर ती क्रिया अर्धवट राहते. निदान १४ दिवस ओलं ठेवा. घराच्या स्लॅबला किंवा कॉलमला संरचना अभियंत्याच्या लेखी मिश्रणाशिवाय ही राख वापरू नका. दोन हंगामांतली राख सारखी नसते. तिकडे दुर्लक्ष झालं की एका वर्षी जमलेलं दुसऱ्या वर्षी फसतं.

रोमन काँक्रीटचा शोध आपल्या वाड्यांना आणि किल्ल्यांना लागू होतो का?

तत्त्व लागू होतं, कृती जशीच्या तशी नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने दाखवलं की रोमन काँक्रीटमधले पांढरे चुन्याचे खडे ही ढिलाई नव्हती. चुनकळी (भाजलेला, न विरवलेला चुना) थेट मिश्रणात टाकून, त्याच उष्णतेत काम केल्याने ते खडे राहतात. पुढे भेग पडून पाणी शिरलं की तो चुना विरघळतो आणि भेग बुजवतो. प्रयोगात अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत बंद झाली.

आपल्याकडे किल्ल्यांवर चुना मळायच्या घाण्या आजही दिसतात. जुन्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी आमचा आग्रह एवढाच, की दगडी भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. ती मग विटेतून किंवा दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. एक भाग पाण्यात विरवलेला चुना आणि वाळू व सुर्की (विटांची पूड) मिळून तीन भाग घ्या. काम पावसाळा संपल्यावर काढा आणि निदान आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा. चुनकळी पाण्यात थोडी-थोडी सोडायची. कळीवर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं आणि डोळा जातो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घातलेच पाहिजेत. संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये. प्रतापगड तर जुलै २०२५ पासून मराठा लष्करी भूदृश्यांचा भाग म्हणून जागतिक वारशात आहे.

पेरोव्हस्काइटचं सोलर येणार म्हणतात. मग आत्ता छतावर बसवायचं थांबवू का?

थांबू नका. नेहमीच्या सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या नव्या स्फटिक पदार्थाचा थर दिलेल्या सेलने एप्रिल २०२५ मध्ये ३४.८५ टक्के कार्यक्षमता गाठली. एकट्या सिलिकॉनची सैद्धान्तिक मर्यादा साधारण २९.४ टक्के आहे, त्यामुळे ही मोठीच मजल आहे. पण तो सेल साधारण एक चौरस सेंटिमीटरचा होता. ओल आणि उष्णता या पदार्थाला मानवत नाहीत, आणि छतावरच्या पॅनेलकडून २५ वर्षांची अपेक्षा असते. आजचे सिलिकॉन पॅनेल २२-२३ टक्क्यांचे आहेत. घरगुती ३ किलोवॉटला केंद्राच्या योजनेतून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

क्षयरोगावर चांगल्या आहाराचा परिणाम होतो, हे सिद्ध झालंय का?

झालंय, आणि तेही भारतातच. झारखंडमध्ये झालेला 'रेशन्स' हा अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,८०० रुग्णांच्या घरातल्या १०,३४५ जणांचा त्यात मागोवा घेतला. ज्या घरांतल्या सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. फुप्फुसाच्या संसर्गजन्य प्रकारात ते जवळजवळ निम्म्यावर आलं. रुग्णाला रोज १,२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिनं जादा दिली होती. घरच्यांना माणशी महिना ५ किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या.

आपल्या स्वयंपाकघरात रुग्णाचं हे प्रमाण असं बसतं : नेहमीच्या जेवणाशिवाय रोज १०० ग्रॅम शेंगदाणे, १०० ग्रॅम डाळ, दोन अंडी आणि एक ज्वारीची भाकरी. ऊर्जा सुमारे १,२०० भरते आणि प्रथिनं ५२ ग्रॅमच्या वर जातात. सगळं एकदम जाणार नाही, दिवसातून पाच-सहा वेळा विभागून द्या. वजन उपचाराच्या पहिल्या दिवशी करा आणि त्याच काट्यावर दर महिन्याला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. वजन वाढतच नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. त्यामागे बहुधा मधुमेह, गोळ्या चुकणं किंवा औषधाला दाद न देणारा जंतू असतो. मधुमेह असेल तर हा आहार डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, बँक खातं निक्षयशी जोडलेलं आहे ना ते आरोग्य केंद्रात पाहून घ्या. आहार गोळ्यांबरोबर द्यायचा आहे, गोळ्यांऐवजी नाही.

सगळ्या सापांवर चालणारी एकच लस निघाली, हे खरं का?

अजून नाही. मे २०२५ मधल्या संशोधनात दोन मानवी प्रतिपिंडं (विषाला रोखणारी प्रथिनं) आणि वारेस्प्लॅडिब हे औषध यांचं मिश्रण वापरलं. नाग-मण्यार कुळातल्या १९ जातींपैकी १३ जातींच्या विषापासून उंदरांना पूर्ण आणि ६ जातींपासून अंशतः संरक्षण मिळालं. माणसावर चाचणी झालेली नाही. शिवाय घोणस आणि फुरसं वेगळ्या कुळातले आहेत, ते यात नाहीत. शिराळा, पाटण, वाळवा भागात उसात काम करणाऱ्यांना घोणशीची भीती मोठी, त्यामुळे ही बातमी त्यांच्या उपयोगाची नाही. त्यांना आजही आधार आहे तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणाऱ्या सध्याच्या प्रतिविषाचा.

दंश झाल्यावर अंगठी, कडं, जोडवी काढा. अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, दोरी आवळू नका, कापू-चोखू नका, १०८ ला फोन करा. मण्यारीचा दंश दुखतही नाही. झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि पापण्या मिटायला लागल्या, तर खूण शोधत न बसता दवाखाना गाठा.

साप चावलेल्याला दवाखान्यात वीस मिनिटं नुसतं थांबवून ठेवतात, असं का?

ती वीस मिनिटं चाचणीची असतात. २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर रक्त ओघळलं, तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष भिनलं आहे. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो, कारण रक्त गोठायला काचेचा पृष्ठभाग लागतो. पहिला डोस साधारण ८ ते १० कुप्यांचा असतो. एक कुपी १० मिलिलिटरची आणि एक मिलिलिटर घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. म्हणजे दहा कुप्यांत सुमारे ६० मिलिग्रॅम, साधारण एका दंशातलं विष. मुलालाही तेवढ्याच कुप्या लागतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

एचआयव्ही आणि कर्करोगात काय नवं?

लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा घ्यायचं प्रतिबंधक इंजेक्शन. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ महिलांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेत त्याला जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला ते बनवण्याचं जाहीर केलं आहे. कर्करोगात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या, रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो काही विशिष्ट रक्तकर्करोगांसाठीच आहे. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाला तो चालत नाही.

पर्यटनावर संशोधन ते काय होणार?

बरंच होतं. डिसेंबर २०२४ मधल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१९ मध्ये एकूण हरितगृह उत्सर्जनातला ८.८ टक्के वाटा पर्यटनाचा होता आणि आधीच्या दशकात पर्यटनाचं उत्सर्जन वर्षाला ३.५ टक्क्यांनी वाढलं. आपल्यापुरतं गणित करा. सांगली-महाबळेश्वर जाऊन-येऊन साधारण ३५० किलोमीटर धरले, तर लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार सुमारे ५४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. चौघं असाल तर माणशी १३ किलो. भरलेल्या एसटीत माणशी पाचाच्या आसपास.

कासला रोज ३,००० जणांची मर्यादा आहे. असा आकडा काढतात कसा? आमच्या गावच्या पठारासाठी काढता येईल का?

काढता येतो. समजा पायवाट १,२०० मीटर आहे. दहा जणांचा गट वाटेवर १० मीटर जागा घेतो, दोन गटांत ५० मीटर अंतर ठेवायचं. म्हणजे एका वेळी २० गट, २०० माणसं. दिवसाला १० तास प्रवेश आणि एका फेरीला २ तास, म्हणजे पाच फेऱ्या. कमाल १,००० माणसं. हा झाला वरचा आकडा. मग चिखलाचे दिवस, वाहनतळ, शौचालयं, पाणी आणि रखवालदार यांपैकी सगळ्यात अपुरं काय ते पाहून आकडा खाली आणायचा. गावं बहुतेक वेळा वाहनतळ वाढवून मर्यादा वाढली असं समजतात. वाट तेवढीच राहते आणि लोक फुलांत उतरतात.

नुसतं चालल्याने कासचं काय बिघडतं?

कासवर जांभ्याच्या कातळावर माती काही सेंटिमीटरच आहे. पुढच्या वर्षीचं बी आणि कंद त्याच थरात असतात. पायाने ती दबली की पाणी मुरत नाही, उतारावर वाहून जातं. साताऱ्याचं नाव धारण करणारा वायतुरा, सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद या वनस्पती कातळावरच्या उथळ पाण्यात किंवा त्याच्या कडेने वाढतात. फोटोसाठी लोक नेमके तिथेच बसतात. तिथल्या एका हंगामी तळ्याच्या गाळातले परागकण आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) आघारकर संशोधन संस्थेने तपासले. सुमारे ८,६०० वर्षांपूर्वी पाऊस कमी होण्याकडे झालेला मोठा बदल त्यांत नोंदलेला आहे.

मूलभूत संशोधन आपल्या जिल्ह्यात होतं का?

होतं. डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर कोयना परिसर जगभर अभ्यासला जातो. कराडच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेने तिथे सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. वरचा बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला, त्याखाली थेट ग्रॅनाइट. धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध खडकातच मोजावा, यासाठी हे काम आहे.

मूळ शोधनिबंध कुठे वाचायचे? पैसे मागतात.

भौतिकशास्त्र आणि पदार्थविज्ञानाचे बहुतेक निबंध 'आर्काइव्ह' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण तिथला निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असेलच असं नाही. वैद्यकीय निबंधाचा सारांश 'पबमेड'वर पाहा. भारतातल्या औषधचाचणीचा नोंदणी क्रमांक 'सीटीआरआय'वर शोधा. नोंदच नसेल तर त्या औषधाची जाहिरात बाजूला ठेवा. निबंध मागे घेतला गेला का, हे 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीत कळतं. जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक वर्गणी' योजनेत सरकारी महाविद्यालयांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली आहेत. सरकारी महाविद्यालयात शिकणारं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांच्या ग्रंथपालांकडे चौकशी करा.